बानाअक्काला सांगायचं राहिलेलं

माझी लाडकी बानाअक्का,

गंगापूरच्या शाळेत दुसरा माणूस घेतला, असं फोनवर म्हणालो, पण कारण सांगितलं नाय. डी.एड. पास झालो त्या दिवशी पिऊन गाडी चालवताना मला क्रांती चौकात पोलिसांनी धरलं होतं. कोर्टात दंड झाला. त्यानंतर थेंबही घेतला नाय. शाळेच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारलं होतं, मी खरं लिहिलं.

हेडबाई म्हणाल्या, "खरं लिहिलंत, पण पोरांच्या आई-बापांना मी काय सांगू?"

मला तूच आठवलीस. दाजींच्या दारूपायी माहेरी आलीस अन् मेंढरं राखून मला शिकवलंस.

पुढच्या अर्जातही खरंच लिहीन. पण तुला हे कागदावरून कळू नये, म्हणून पत्र टाकत नाय. शनिवारी पिशोरला येऊन तोंडानंच सांगतो. लई मार अक्का, पण बोलणं सोडू नकोस.

तुझाच,
बिरू