बाबांच्या नावाची बदली

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ७.१०
राज्याची निवडणूक जाहीर झाली. मतदान ९ नोव्हेंबरला. यादीत नाव घालायची किंवा हलवायची शेवटची तारीख १७ ऑक्टोबर.
आजपासून सजग नागरिक व्हायचं. गेल्या खेपेला रांगेत पुढे उभा असलेला माणूस ज्याचं नाव घेत होता त्याला मत दिलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे शोभत नाही. संकल्प: रोज दोन पेपर, अग्रलेखासकट. प्रत्येक उमेदवाराचा अभ्यास. शिवाय ही रोजनिशी.
दुसरा पेपर लावला. ही म्हणाली, पहिल्यातलं कोडं तरी पूर्ण सुटतंय का. घरातूनच विरोध होणार हे गृहीत धरलेलं आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९.००
बाबांनी फॉर्म दिला. वर्षापूर्वी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून ते आमच्याकडे असतात, पण मतदारयादीतलं नाव अजून जुन्या गावीच. बसने पाच तास लागतात. ते नाव इकडच्या यादीत आणायचं, एवढंच काम. फॉर्म त्यांनी स्वतः भरलाय, सही केलीय, फोटो चिकटवलाय. मी फक्त कचेरीत नेऊन द्यायचा. कचेरी माझ्या ऑफिसपासून दोन स्टॉपवर, आणि आज दुपारपर्यंत उघडी.
बाबांनी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. घड्याळदुरुस्तीचं दुकान एरवी आजारपणातही बंद नसायचं, मतदानाला मात्र दोन तास कुलूप. आई दवाखान्यात होती तेव्हासुद्धा मधल्या वेळात जाऊन बोटाला शाई लावून आले. म्हणाले, एक्याऐंशी पूर्ण झाली, पुढच्या निवडणुकीचं काही सांगता येत नाही, तेवढं या खेपेचं मत पडलं पाहिजे.
म्हटलं, बाबा, काम झालंच समजा. लिफ्टच्या कंपनीत एकोणीस वर्षं तक्रारी घेतोय. हे वाक्य दिवसातून साठ वेळा बोलतो, त्यामुळे चांगलं ठाम आलं.

संध्याकाळी ७.००
बाबांनी विचारलं, टाकलास का. म्हटलं, सोमवारी. नीट फाइल करून नेलेलं बरं. ते बरं म्हणाले.

६ ऑक्टोबर, सोमवार
निळी फाइल आणली. फॉर्म त्यात ठेवला. अर्धं काम झालं.
बाबांनी आज फॉर्मचं विचारलंही नाही. म्हातारपणी मुलावर एवढा विश्वास टाकता येणं हे भाग्य आहे. त्यांचं.

८ ऑक्टोबर, बुधवार
फॉर्म आज टाकणार होतो. मग वाटलं, आधी नियम वाचावेत. फॉर्मसोबतची माहितीपुस्तिका बत्तीस पानी आहे. पाच पानं वाचली. डुलकी लागली, पण ती समजून घेताना लागली.
ही म्हणाली, द्या इकडे, ऑफिसला जाताना मी टाकते, नमनालाच घडाभर तेल नको. तिला समजावलं की हे जबाबदारीचं काम आहे. ती हसली. का ते कळलं नाही.
कन्येला यंदा पहिल्यांदाच मत आहे. तिने नाव फोनवरून घातलं म्हणे, नऊ मिनिटांत. एवढ्या घाईत कसला आलाय अभ्यास.

११ ऑक्टोबर, शनिवार
उमेदवारांचा तक्ता सुरू केला. जुन्या कॅलेंडरची चार पानं चिकटवून पाठकोऱ्या बाजूला. अजून अर्ज भरले जायचेत, पण समोरच्या बेकरीच्या भिंतीवर इच्छुकांची पोस्टरं लागलीत, तिथून अकरा नावं उतरवली. रकाने चौदा. शिक्षण, मालमत्ता, खटले, आवाजाची पट्टी वगैरे. सर्वांत महत्त्वाचा रकाना वचनपूर्तीचा. शब्द दिला आणि पाळला नाही की सरळ शून्य. यात कोणाची गय करायची नाही.
तक्ता फ्रिजवर मावत नाही. बैठकीतल्या भिंतीवरचं घड्याळ काढून तिथे लावला. बाबा बराच वेळ त्या जागेकडे बघत होते. तक्ता त्यांना पटलेला दिसतो.
फॉर्म सोमवारी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १.३०
ऑफिसात अप्रिय प्रसंग. बातम्यांची सहा ॲप घेतलीत, त्यामुळे फोन सारखा वाजतो. आज तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये एक बाई अडकल्या होत्या. मेकॅनिक पोचायला वीस मिनिटं होती. बाई रिकाम्याच होत्या, म्हणून त्यांना विचारलं की पाणीपुरवठ्याच्या प्रश्नावर त्या कोणत्या उमेदवाराकडे झुकतात. बाई काहीशा तापल्या. आमचे कॉल रेकॉर्ड होतात हे ध्यानात राहिलं नाही. साहेबांनी आत बोलावून तो सबंध ऐकवला. दोनदा.
मेकॅनिक जेवताना म्हणाला की त्याने कामावर येताना वाटेत उतरून आईचं नाव हलवून घेतलं, दहा मिनिटं लागली. त्याला तक्त्याबद्दल सांगितलं. त्याने डबा बंद केला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
आज जाणारच होतो, पण उद्या शेवटची तारीख. शेवटच्या दिवशी कचेरीतले लोक तयारीत असतात, काम चटकन होतं. उद्याची अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी ताबडतोब मंजूर केली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.१५
सविस्तर लिहितो, कारण यात माझी चूक नाही.
अडीचला पोचलो. टोकन चौसष्ट मिळालं. खिडकीवर तेव्हा एकतीस नंबर चालू होता. बाकावर बसलेले लोक फॉर्म भरण्यात अगदीच कच्चे. एका आजीबाईंनी जन्मतारखेच्या जागी फोन नंबर लिहिलेला. मी बत्तीसपैकी पाच पानं वाचलेला माणूस, गप्प कसा बसणार. त्यांना मदत केली. मग शेजारच्या शिंप्याला. मग एक जोडपं आलं, त्यांचा पत्त्यावरून वाद चालला होता, तो मिटवला. पुढे तर माझ्यासमोर वेगळी रांगच लागली. एक जण मला साहेब म्हणाला. खिडकीतल्या कारकुनानेही दोन माणसं माझ्याकडे पाठवली. एकूण अकरा नागरिकांचे फॉर्म मी मार्गी लावले. एकोणीस वर्षांत ऑफिसात असा मान मिळाला नाही, खोटं कशाला बोलू.
पाचला खिडकी बंद झाली. चौसष्ट नंबर तीनदा पुकारला होता म्हणे. मी त्या वेळी पिनकोड समजावत होतो. कारकुनाला म्हटलं, ओळखलंत ना मला. त्याने ओळखलं. पण मशीन बंद झालं होतं.
हिला सांगितलं. ती म्हणाली, लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मग विचारलं, आता त्यांना काय सांगणार. म्हटलं, योग्य वेळी सांगेन.

१८ ऑक्टोबर, शनिवार
योग्य वेळ आली नाही. बाबा झोपले होते.

१९ ऑक्टोबर, रविवार
बाबा जागे होते, पण मूड चांगला होता. घालवावासा वाटला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
तक्ता पूर्णत्वाकडे. उमेदवारांची अंतिम यादी पेपरात आली, त्यात माझ्या अकरांपैकी आठ टिकलेत. आठवड्याभरात चार सभा ऐकल्या, त्यातल्या दोन खिडकीतून. कन्या मध्येच काहीतरी हद्दीबद्दल बोलत होती, आपली बाजू आणि बेकरीची बाजू वगैरे. तिला म्हटलं, बेरीज चालू असताना बोलू नये. ती खांदे उडवून गेली.
बाबांशी बोलण्याचा मसुदा तयार केला: ‘तांत्रिक कारणामुळे प्रक्रिया अपूर्ण राहिली.’ तीनदा मोठ्याने म्हणून पाहिला. ऑफिसात हेच वाक्य ऐकून लोक फोन आपटतात, हे आठवलं. बदलतो.

३ नोव्हेंबर, सोमवार
आज सांगायचंच म्हणून बाबांच्या खोलीत गेलो. ते भिंग लावून माझंच मनगटी घड्याळ उघडून बसले होते. रोज चार मिनिटं मागे पडत होतं, मी कोणाला बोललोही नव्हतो. तरी त्यांच्या लक्षात आलेलं. घड्याळ हातात ठेवत म्हणाले, काही बोलायचंय का. म्हटलं, नाही, चहा घेता का.
चहा केला. जरा कडक झाला.
मला खरंच वाईट वाटतंय. हे इथे लिहून ठेवतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

६ नोव्हेंबर, गुरुवार
बेरीज झाली. उमेदवार क्रमांक चार, त्र्याहत्तर गुणांनी पहिला. माझं मत त्यालाच. संपूर्ण राज्यात इतका विचार करून मत देणारे दहाबारा जण असतील.
मेकॅनिकला निकाल सांगायला गेलो तर तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. वरून सांगितला. ऐकू आला नसावा.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.४०
बाबा सकाळी सातलाच पिशवी घेऊन निघाले. मित्राकडे जातो म्हणाले, रात्री तिथेच राहणार, उद्या संध्याकाळी परत. ही दारापर्यंत त्यांच्या हाताला धरून गेली आणि कन्येने खाली रिक्षा आणून ठेवलेली.
उद्या मतदान आहे हे ते साफ विसरलेत. वय झालं की असं होतं. मी आठवण केली नाही. देवच पावला म्हणायचा. उद्याचा दिवस सुटला, आणि परवापासून हा विषयच संपला.
हिला तसं बोलून दाखवलं. ती भांडी घासायला गेली. भांडी रात्रीच घासून झाली होती.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.२०
मत देऊन आलो. मन थाऱ्यावर नाही.
मशीनवर नऊ नावं होती. त्यातलं एकही माझ्या तक्त्यात नव्हतं. एकही नाही. मी वरून खाली आणि खालून वर वाचलं. अधिकाऱ्याला म्हटलं, यादी चुकलीय. तो म्हणाला, आधी बटण दाबा, मागे लोक उभे आहेत. मी क्रमांक चार कुठे गेला विचारलं. तो म्हणाला, चौथ्या ओळीत.
बाहेर आल्यावर कन्येने सांगितलं की आमचा रस्ता हीच मतदारसंघाची हद्द आहे. बेकरी पलीकडच्या मतदारसंघात, आम्ही अलीकडच्या. बेकरीच्या भिंतीवर सगळे पलीकडचेच उमेदवार होते. हे तिने मला सव्वीस तारखेला सांगितलं होतं म्हणे.
बटण कोणतं दाबलं ते लिहीत नाही. मतदान गुप्त असतं. शिवाय नीट बघितलं नव्हतं.

संध्याकाळी ७.३०
बाबा आले. दमले होते, गुडघे सुजलेले, पण चेहरा प्रसन्न. डाव्या हाताच्या बोटाला शाई होती.
मी शाईकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं. म्हणाले, जुन्या गावी जाऊन आलो, नाव तिथेच होतं ना. तिथल्या माझ्या जुन्या मित्राकडे, पोस्टमास्तरकडे राहिलो, सकाळी आठला दोघांनी मिळून मत टाकलं. मास्तरला आता ऐकू येत नाही, पण बेत छान झाला. एवढं सांगून पाय शेकायला गरम पाणी मागितलं.
मी म्हटलं, बाबा, तो फॉर्म. ते म्हणाले, असू दे रे. तुझ्या मनाला लागेल म्हणून विषय काढला नाही.
पाणी आणून दिलं. जरा जास्तच गरम झालं, तेही चालेल म्हणाले.
ही स्वयंपाकघरात होती. तिला विचारलं, तुला माहीत होतं का. म्हणाली, हो. त्यांनी मला विचारलं होतं, हा फॉर्म टाकेल का. मी काहीच बोलले नाही. ते म्हणाले, समजलं.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.५०
तक्ता काढला. घड्याळ परत लावलं.
बाबांच्या सदऱ्याच्या खिशात बसचं तिकीट होतं, धुवायला टाकताना सापडलं. जाण्याचं आणि येण्याचं एकत्र. कन्येनेच फोनवरून काढून छापून दिलेलं. खाली बारीक अक्षरात, तिकीट कधी काढलं ती तारीख असते.
५ ऑक्टोबर.
फॉर्म मला ४ तारखेला दिला होता. म्हणजे बाबांनी एक अख्खा दिवस माझी वाट पाहिली होती.