शारवच्या गोळ्यांची पुन्हा परीक्षा व्हावी म्हणून

मी, बादराखची मुलगी ओयुनगेरेल, वय एकाहत्तर, निवृत्त औषधनिर्माती, राहणार उलानबातर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, यकृत नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही.

१. तिसऱ्या मजल्यावरचं घर भाची अल्तनझुल हिला. खिडकीची फट मी दर हिवाळ्यात कागदाने बुजवते. तिने ती एकदाची नीट करून घ्यावी.

२. तराजू, खलबत्ता, चाळण्या मी नोकरी केली त्या औषध संस्थेच्या प्रयोगशाळेला. संचालकांना काही नाही. निरोपाच्या भाषणात त्यांनी मला 'आमच्या आजीबाई' म्हटलं होतं.

३. आता मुद्द्याचं. यकृताच्या रोगावरचं परदेशी औषध आपल्या लोकांना परवडेना, म्हणून माझे सहकारी शारव यांनी इथल्याच माळावरच्या झुडपापासून औषध बनवलं. अठ्ठ्याण्णव साली एका दवाखान्यात चाळीस रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना पिठाच्या गोळ्या. वॉर्ड माझ्याकडे होता. दोन्ही गटांत सारखाच फरक पडला, तेव्हा औषध निरुपयोगी, असा अहवाल मी लिहिला. शारव खोटारडे ठरले, काम बंद पडलं.

वर्षभराने त्या रुग्णांपैकी एक, गोंबो मेंढपाळ, बाजारात भेटला. म्हणाला, "ताई, निम्म्यांना नुसतं पीठ, हे तुम्हीच सांगितलंत ना? एकाने औषध खायचं नि शेजारच्याने तोंडाकडे बघत बसायचं, असं आमच्यात नाही हो. सगळ्या गोळ्या कुटून वाडग्यात कालवायचो नि वाटून घ्यायचो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही थांबायचात कुठे? गोळ्या ठेवल्या की चालल्या चहाला."

खरं होतं. गोळी गिळेपर्यंत समोर उभं राहणं माझं काम होतं. नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले. याची मला लाज वाटते. औषध लागू पडतं असं मी म्हणत नाही. परीक्षा झालीच नाही, एवढंच म्हणते.

४. बँकेतली सगळी ठेव फेरपरीक्षेसाठी. खऱ्या गोळ्या काही गावांत, पिठाच्या दुसऱ्या गावांत द्याव्यात, मध्ये दिवसभराची वाट असावी. वाटून खाणाऱ्यांना कोणी बोल लावू नये.

५. शारव सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांचा मुलगा तेमुलेन बापाचं नाव लावत नाही, आईचं लावतो. बाप गेला त्या दिवशी त्याने मला विचारलं होतं, "मावशी, बाबा खोटं बोलले होते का?" मी म्हणाले, "अहवाल वाच."

तिसरं कलम सगळ्यांच्या आधी त्याला वाचून दाखवावं. तो मला शिव्या देईल. अल्तनझुलने मध्ये पडू नये.

साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना पाहिलं आहे.

सही: ओयुनगेरेल
साक्षीदार: १. पुरेवजाव, शेजारी २. डॉ. खोंगोरझुल
उलानबातर, ९ नोव्हेंबर २०२१