थेट डिस्कवर

२ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कामाची नोंद हवी. फाइल वाचताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिची एक प्रत मेमरीत धरून ठेवतो. तिला कॅश म्हणतात. सगळं जग या मधल्या माणसाच्या भरवशावर बसलं आहे. मी त्याला वगळणार. लिहिलेलं सरळ डिस्कवर. विनताला समजावून सांगितलं. ती अच्छा म्हणाली आणि कुकर बंद करायला सांगितलं.

५ नोव्हेंबर
थेट लिहिताना कर्नल मेमरीतली जुनी प्रत रद्द करत बसतो. निव्वळ टाइमपास. तेवढा कोड काढून टाकला. मशीन धावून राहिलं आहे. ऑफिसच्या अनुपमने कॉलवर विचारलं, भैया, टेस्टिंग किया? मी त्याला माझा अनुभव सांगितला. नंतर तो म्यूटवर गेला.

८ नोव्हेंबर
सोळाला अण्णांचं, माझ्या सासऱ्यांचं, वर्षश्राद्ध. शेवटच्या महिन्यांत विनताने त्यांना बोलतं करून बरंच रेकॉर्ड केलं होतं. लहानपण, फॅक्टरी, सगळं. तिचा फोन पुढे नळाखाली भिजून गेला, त्यामुळे ते आता फक्त माझ्या मशीनवर आहे. त्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळ्यांना ऐकवायचं म्हणते. मागे पंख्याची घरघर आहे, ती काढून द्याल का, म्हणाली. खूप दिवसांनी तिने माझ्याकडे काही मागितलं.

९ नोव्हेंबर, सकाळ
काम फत्ते. माझ्याच कर्नलवर, मूळ फाइलींवरच, थेट डिस्कवर. दुसरी प्रत ठेवली नाही. ते भित्र्यांचं काम. लगेच लावून ऐकलं. घरघर जवळजवळ गेलीच. चिन्मयी म्हणाली, पापा, पंखा तो वैसा ही है. या मुलांचे कान हेडफोनने बिघडले आहेत.
विनता दारात उभी राहून ऐकत होती. पदराने डोळे पुसले.

११ नोव्हेंबर
दुपारी आमच्या महाराजपुरची लाइट गेली. मशीन बंद. पुन्हा सुरू केलं तर अण्णांच्या फाइलींत नुसती खरखर. काळजीचं कारण नाही. स्पीकर असेल.

१२ नोव्हेंबर
स्पीकर नाही. माझ्या कोडने डिस्कवर कचराच लिहिला होता. मी नऊला ऐकली ती मेमरीत राहून गेलेली जुनी प्रत. लाइटबरोबर तीही गेली. म्हणजे कॅशचा बायपास तांत्रिकदृष्ट्या यशस्वी आहे.
जेवलो नाही. विनताने विचारलं, काहून? म्हटलं, ॲसिडिटी.

१४ नोव्हेंबर
रिकव्हरी चालू आहे. अशा कामाला धीर लागतो. विनता शहपुऱ्याच्या मावशींना फोनवर सांगून राहिली होती, या नक्की, अण्णांचा आवाज ऐकवते. आज सांगणारच होतो, पण ती खुशीत होती. उद्या सांगतो.

१५ नोव्हेंबर
एका फाइलीचा सुरुवातीचा तुकडा निघाला. सुरुवात निघाली म्हणजे बाकीचंही निघेल. मग उगाच तिला आधीच काहून सांगायचं?

१६ नोव्हेंबर
बाकीचं निघालं नाही.
जेवणं झाली. विनता म्हणाली, लावा आता. तेव्हा सांगितलं. सगळ्यांसमोर, उभ्यानेच. कॅशचंही समजावू लागलो तर मेहुणा आल्हाद म्हणाला, राहू द्या भाऊजी. विनता म्हणाली, आहे तेवढं लावा.
लावलं. आधी तिचाच आवाज. अण्णा, बोला ना, चालू केलंय. मग अण्णा खाकरले. म्हणाले, अच्छा. मग खरखर.
तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.
मग म्हणाली, याच्यापुढे पनागरच्या बाजारची गोष्ट होती, मी सांगते. अण्णा लहानपणी तिथे हरवले होते. एका भाजीवालीने त्यांना दिवसभर आपल्या पोत्यांवर बसवून ठेवलं, मटार सोलून खाऊ घातले आणि संध्याकाळी बैलगाडीतून घरी आणून सोडलं. म्हातारपणीसुद्धा ते तिचं नाव घेऊन हात जोडायचे.
आणि नाव सांगताना विनता अडली. आल्हादकडे बघितलं. त्याला आठवेना. मावशींनाही नाही. मग ती माझ्याकडे बघत राहिली.
मी म्हटलं, बघतो.