आईची बांगडी काढताना

ती. बाबा,
इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना? की आई नाही म्हणून तेही बंद?

आमचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. खांद्याला यंत्र अडकवून दिवसभर माळ तुडवायचा. ते जमिनीत विजेच्या लहरी सोडतं आणि खाली तांबं असलं की आकडा चढतो. रजेवरून परतले त्या दिवशी पावलापावलाला आकडा चढलेला! सगळे नाचायचेच बाकी होते. मग साहेबांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. "तांबं कुठलं, बाई? तुमची बांगडी बोलतेय." सगळे हसले, मीही हसले.

तेव्हापासून कामावर निघताना आईची बांगडी काढून ठेवावी लागते. "हातातून काढू नकोस" म्हणाला होतात, म्हणून कळवते. रागावू नका.

साबण लावल्याशिवाय ती निघत नाही. दवाखान्यात आईच्या हातातून काढतानाही मी साबणच लावला होता, बाबा. हात अजून कोमट होता तिचा.

आता रोज सकाळी तेच करते.

तुमची,
धाकटी