बार्सिलोनातलं घड्याळ

नंदुरबार, भाद्रपद वद्य षष्ठी, १९३४

कापसाच्या सौद्यासाठी बार्सिलोनाला गेलेले आमचे हे आज परतले. समुद्र कसा होता विचारलं, तर नुसतं खिशातलं घड्याळ दाखवतात. तिथं त्याचे काटे फिरवलेच नाहीत म्हणे! आपण जैन, दिवस मावळल्यावर जेवायचं नाही. पण सूर्य कुठला धरायचा? यांनी नंदुरबारचा धरला. मग तिथं भर दुपारीच तोंड बंद.

सासूबाई ऐकतच राहिल्या. शाळेतल्या मास्तरांनी त्यांना सांगितलेलं, तिथला दिवस आपल्या मध्यरात्री मावळतो; म्हणजे लेक संध्याकाळचं जेवेपर्यंत इथं रात्र. "पोऱ्या जेवना नही, मी कशी जेवू?" म्हणत त्या संध्याकाळचं ताट रोज परत करायच्या.

म्हणजे दोघंही उगाच उपाशी? कुणाचं चुकलं? की कुणाचंच नाही? यांनी पुन्हा घड्याळ काढलं. बोलता बोलता इथलाही दिवस मावळला होता. वाढलेली तिन्ही ताटं तशीच उचलली.