मंगळवारचं पार्सल

४ नोव्हेंबर, मंगळवार
रिपोर्ट उघडला. वर्कशॉपच्या केबिनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, दार लावून. त्या जनुकाच्या माझ्या दोन्ही प्रती धोक्याच्याच. म्हणजे दादाला जो विसराळूपणाचा आजार जडलाय, त्याचं बी मला आईकडूनही आलंय आणि बाबांकडूनही. समुपदेशक बाई फोनवर म्हणाल्या, "होणारच असं नाही. धोका जास्त, एवढंच." 'एवढंच' त्यांनी पटकन उरकलं. तीस वर्षं पंपांचे आवाज ऐकतोय, बोलणं कुठे घसरतं ते कळतं. पुढचं वाक्य त्यांनी हळू घेतलं. तुमच्या दोन्ही तशा असतील, तर मुलीकडे एक गेलेलीच आहे.
मनूने आधीच बजावलंय : "तुमचं तुम्ही बघा बाबा. मी विचारेन तेव्हाच मला सांगा."
बायकोला, सु.ला, तर तपासणीचंच माहीत नाही. तिला सांगितलंय, कोलेस्टेरॉल.

७ नोव्हें., शुक्र.
कारखान्यांना सुट्टी. गावी, एडवणला गेलो. दादा वाडीत पानवेली बांधत होता. केळीच्या सोपटाची पट्टी, एक वळसा, गाठ. हात कुठे अडत नाही. "कवा आलास रे नरू?" तीनदा. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी दर वेळी नवीन उत्तर द्या. तेवढीच मजा." हसलो. दादाही हसला, कशाला ते न कळता.
त्या भूमध्य समुद्राकाठच्या जेवणाबद्दल पुन्हा वाचलं. मासे, भाज्या, कडधान्यं, अक्रोड, ऑलिव्हचं तेल. ज्यांच्या दोन्ही प्रती खराब त्यांना उलट जास्त फायदा होताना दिसला म्हणे. दिसला. संशोधक पक्कं काही बोलत नाहीत. पण दादाने जन्मभर काय वेगळं खाल्लं? ताजी मासळी, वाडीतली भाजी, वाल. समुद्र तेवढा दुसरा. फरसाण, बालूशाही, गाडीवरचे वडे खाल्ले ते मी, बोईसरला आल्यापासून. काही जुळत नाही.

११ नोव्हें., मंगळ.
मनूला पुण्याला पार्सल. अक्रोड, बदाम, जवसाची चटणी, सुके वाल. चिठ्ठी नाही. सांगायचं नाही असं ठरलंय. खायला घालायचं नाही असं कुठे ठरलंय?
सु.ने ऑलिव्हच्या तेलात बोंबील तळले. पहिला घास घेतला नि माझ्याकडे बघत राहिली. "हे तेल बोंबलाला मानवत नाही, तुम्हाला काय मानवणार." खाल्ले सगळे.

१६ नोव्हें., रवि.
मासळी बाजार. पुन्हा पापलेट सोडून तारली घेतली, तेलाचा मासा म्हणून. यमुनाताईकडून वीस वर्षं मासळी घेतोय. तिने कोयता खाली ठेवला.
"शेठ, धंदा बसला काय?"
"नाही गं. डॉक्टरने सांगितलंय."
"तेच इचारते. घरात कोन आजारी हाय?"
"कोणी नाही."
"पापलेट खानारा मानूस आपनहून तारलीवर येत नाय," म्हणाली आणि दोन जास्त टाकल्या. त्या दोन जास्तीच्या तारल्या मनातून जात नाहीत.

१८ नोव्हें.
दुसरं पार्सल गेलं.

१९ नोव्हें., बुध.
केमिकल कंपनीचा पंप आला. लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर टेकवला, मूठ कानाला. मागचं बेअरिंग गेलंय म्हटलं, तेच निघालं. पण फिटरला सांगताना इम्पेलर हा शब्दच येईना. "वो पंखा खोल." त्याने खोलला. त्याला काही वाटलं नाही. मी दुपारभर मनात घोकत होतो, शाफ्ट, ग्लँड, इम्पेलर, कपलिंग. शब्द कोणाचा अडत नाही? फिटरचाही अडतो. पण तो मोजत बसत नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
यमुनाताईने बाजारात सु.ला गाठलं. "शेठची तब्येत बरी नाय ना?" सु. घरी आली. कांदा चिरत राहिली. सुरी रोजच्यापेक्षा सावकाश. मग पाठमोरीच,
"दादांसारखं आहे का?"
सांगितलं. मनूचंही.
"कोळणीला कळलं आणि मला नाही."
"तिलाही मी नाही सांगितलं."
"तुम्ही कुणालाच सांगत नाही. बाजाराची पिशवी सांगते." कांदा कढईत टाकत, "आणि मनूला जन्मात कधी अक्रोड पाठवले होते? ती काय कुक्कुलं बाळ आहे, कळायला नको?"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्याच्या मशीनमधली खरखर ऐकतो मी.

२३ नोव्हें., रवि.
मनूचा फोन. हसूनच सुरुवात, पण हसण्याआधी श्वास घेतला तिने.
"दुसरंही पार्सल मिळालं. रूममेट म्हणते, तुझे बाबा मलाही दत्तक घेतील का."
"घेतो की."
"बाबा, मी विचारत नाहीये. लक्षात आहे ना?"
"आहे."
"बरं झालं. तेवढं तरी विसरू नका." दोघंही हसलो. आधी ती थांबली. "आपण असं करू. काही नसेल तर पाठवणं बंद करा. मी समजेन. या मंगळवारी पाठवलंत, तर तेही समजेन. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही."
"असं कसं मनू..."
"सुरू तुम्हीच केलंत."

२४ नोव्हें., सोम.
सु. : नका पाठवू. सत्तावीस वर्षांची आहे, सुखाने राहू दे चार वर्षं.
मी : मग ती खाणार नाही.
सु. : इथे आली की मी घालेन.
मी : वर्षातून तीनदा येते.
सु. : आणि खाऊन नक्की काही होतं का?
यावर माझ्याकडे 'दिसला म्हणे' सोडून काही नाही. न पाठवणं म्हणजे खोटं बोलणं, तेही तिला कधी पकडता येणार नाही असं. धंद्यात असं खोटं मी बोललोय. सहज. पाठवणं म्हणजे तिने न विचारता सांगणं. की पार्सलचं ठरवून तिने विचारलंच आहे? फोन करून विचारावं म्हटलं, तर तेही उत्तरच.

२५ नोव्हें., मंगळ.
सु.ने सकाळी जवसाची चटणी भरून बरणी माझ्या पिशवीत ठेवली. "तुम्हाला," म्हणाली. बरणी मोठी आहे. एका माणसाची नाही.
खोका टेबलावर. अक्रोड, बदाम, वाल, वर बरणी. चिकटपट्टी लावली. पत्ता लिहिला नाही. दोनदा पेन उघडलं.
चार वाजता कुरियरवाला आला. "सेठ, आज कुछ है?" नजर खोक्यावरच.
"बैठ. चाय पी ले पहले."
तो पितोय. बशीत ओतून, फुंकर मारत. चहा गरम आहे, थोडा वेळ लागेल.