नव्वद दिवसांसाठी आईचं टेबल

४ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून. परीक्षेला बरोबर नव्वद दिवस. रोज आठ तास म्हणजे सातशे वीस तास. एवढ्यात माणूस डॉक्टर होईल. मला तर फक्त लॅब टेक्निशियनच्या कोर्सची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. तिसरा अटेम्प्ट. तीनच देतात. हे घरी सांगितलेलं नाही, त्यांना प्रेशर झेपणार नाही.

मागच्या दोन वेळी काय चुकलं याचा शांत डोक्याने विचार केला. बुद्धी नाही, टेबल. पलंगावर पुस्तक घेऊन बसलं की शरीराला वाटतं, झोपायचंय. यात दोष शरीराचा.

४ जानेवारी, दुपारी
घरात टेबल एकच. पुढच्या खोलीत आई शिवणकाम करते, तिचं कापड कापायचं टेबल. ते नव्वद दिवस मागितलं. ती म्हणाली, ने की, मी खाली बसून कापेन. एका सेकंदात! याला म्हणतात सपोर्ट सिस्टिम. दुसरं टोक बाबांनी उचललं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. धापा टाकत म्हणाले, या वेळी तरी वर जा रे. लिफ्टवाल्यांचा विनोद.

५ जानेवारी
टेबल डुगडुगतं. एका पायाखाली पुठ्ठा सरकवला, तर दुसरा पाय अधांतरी. चारही पाय एका पातळीत आणेपर्यंत साडेअकरा वाजले. अभ्यास शून्य तास. पण पाया पक्का झाला, म्हणून अर्धा दिवस धरायला हरकत नाही.

९ जानेवारी
टाइमटेबल चार रंगांत. जीवशास्त्राला हिरवा. मंगळवारच्या रकान्यापर्यंत येऊन हिरवं पेन संपलं. अर्धवट टाइमटेबलवर अभ्यास करणं मला पटत नाही. उद्या पेन आणणार.

१२ जानेवारी
पेन आणलं. छटा वेगळी निघाली.

१७ जानेवारी
धाकटी बहीण याच परीक्षेला बसतेय, पहिल्यांदाच. अभ्यासाला जागा कुठली, तर आईची ट्रायल रूम! म्हणजे पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात एक पडदा आणि आत एक स्टूल. गिऱ्हाईक कपडे घालून बघायला आलं की ही पुस्तक घेऊन बाहेर, ते गेलं की परत आत. अशाने एकाग्रता होते होय? मला खरंच वाईट वाटलं. तिला वीस मिनिटं समजावलं की फोकससाठी जागा फिक्स लागते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, दादा, तू झोपलेला असतोस तेव्हा मी टेबलावर बसू का? मी सांगितलं की टेबलाला एक वातावरण असतं, ते मोडतं. शिवाय मी झोपत नाही, डोळे मिटून रिव्हिजन करतो.

२ फेब्रुवारी
मोठा निर्णय. फोन आईच्या ताब्यात. बटणांच्या डब्यात ठेवला तिने. मन एकदम हलकं झालं.

२ फेब्रुवारी, सकाळी ११.४०
फोन परत घेतला. टायमर त्यातच आहे, मी तरी काय करणार?

३ फेब्रुवारी
फोन पुन्हा डब्यात. दिवसातून अकरा वेळा मागावा लागला. सगळ्या वेळा अभ्यासासाठीच, एक सोडून. अडचण अशी की आई जमिनीवर कापत बसलेली असते आणि तिला उठायला वेळ लागतो. आधी एक हात जमिनीवर, मग भिंतीला धरून, मग गुडघा. यात माझी दर वेळी दोन मिनिटं जातात. डबा हाताशी ठेवायला सांगितलं. ठेवते म्हणाली.

१६ फेब्रुवारी
हिशेबाने आतापर्यंत ३४४ तास व्हायला हवे होते. झाले ३१. पण नुसते तास मोजणं ही जुनी पद्धत झाली. यापुढे दिवसाला दोनच तास, पण कडक. पुस्तक ६१२ पानांचं आहे, मी पान ४१ वर आहे, आणि ही ४१ पानं मला कुणीही झोपेतून उठवून विचारावीत.

१७ फेब्रुवारी
बाबांनी झोपेतून उठवलं. सकाळचे दहा वाजले होते. पान ४१ बद्दल काही विचारलं नाही.

६ मार्च
धाकटी म्हणाली की आईच्या गुडघ्याला सूज आहे, पट्टा बांधून बसते. मला कुणी आधी सांगितलं का? नाही. माझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून आईनेच सांगू नको म्हटलं होतं, असं कळलं. मन भरून आलं. आता ढिलाई म्हणजे पाप. आईच्या गुडघ्यासाठी तरी पास व्हायचंच, असं ठरवलं. भावना इतकी दाटली की अभ्यास झाला नाही.

टेबल परत द्यावं असंही मनात आलं. पण एकोणतीस दिवस राहिले असताना दिलं, तर आतापर्यंतचा तिचा त्रास फुकट जाईल.

२५ मार्च
पान ५८. स्पीड वाढतोय. बसून झोप येते म्हणून उभ्याने वाचून बघितलं. टेबलावर डोकं टेकवून उभ्याने झोपता येतं, हे नवीन कळलं.

४ एप्रिल
पेपर दिला. अत्यंत एकांगी पेपर. जवळजवळ सगळे प्रश्न पान ७० च्या पुढचे. पेपर काढणाऱ्याला बॅलन्स म्हणून काही असतं की नाही? धाकटीला विचारलं, काय वाटलं. म्हणाली, रक्तगटांवरचा प्रश्न लिहिताना सारखी ती जाड बाई आठवत होती, जी ते पान वाचताना कोट घालून बघायला तीनदा आली होती. बिचारी. हे असं शिकलेलं टिकत नाही.

२९ एप्रिल
निकाल. धाकटीचा नंबर पहिल्या पानावर. मी यादी वरून वाचली, मग खालून वाचली, मग छपाईची चूक आहे का ते पाहिलं. बाबांनी धाकटीच्या पाठीवर जोरात थाप मारली. माझ्याही पाठीवर मारली, जरा हळू. धाकटी माझ्यासमोर नीट हसलीसुद्धा नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

आई म्हणाली, असू दे, तुझं पुढच्या वर्षी होईल. टेबल राहू दे तुझ्याकडेच.

३० एप्रिल, सकाळी
आईला सांगितलं की पुढचं वर्ष नाही. तीनच संधी होत्या. ती पट्टा बांधत होती. तो बांधून संपवला. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, बरं, टेबलाला हात लाव.

३० एप्रिल, दुपारी
टेबल पुढच्या खोलीत नेलं. आई त्याच्यासमोर सरळ उभी राहिली. इतक्या दिवसांत मी तिला वरून खालीच बघत होतो, ती माझ्या खांद्याएवढी आहे हेही विसरलो होतो. पडद्यांची ऑर्डर आहे, कापड लांब. ती म्हणाली, ते टोक ताणून धर आणि हलू नकोस.

धरलं. कात्री सरळ येत होती, मी तिच्यावरची नजर काढली नाही. फोन आठवला नाही, काही आठवलं नाही. हे जमतंय, असं वाटलं. खरोखर जमत होतं. किती वेळ झाला ते इथे नोंदवावं, म्हणून मनगट वळवून घड्याळ बघितलं.

सात मिनिटं. कात्री बोटभर आत गेली.

आईने कापड उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाली, राहू दे, माझाच हात हलला.

सव्वीस वर्षं ती कापड कापते. तिचा हात हललेला मी पाहिलेला नाही. मी हललो.